आपल्या आमदाराची कारकीर्द आणि निवडणुकांचा हिशेब कसा तपासावा? मुंबईकर मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आणि खालच्या चाळीत ठरावीक प्रश्न सुरू होतात. गेल्या काही निवडणुकांत मी ते वहीत लिहून घेतले आणि शक्य तेवढी उत्तरं कागदपत्रांतून शोधली. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इथे देत आहे. मत कुणाला द्यायचं हे इथे सांगितलेलं नाही. समोरचा माणूस आजवर काय करत आला हे कसं शोधायचं, एवढंच सांगितलं आहे.

आमदाराचा रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय बघायचं?

तीन कागद. पहिला निवडणुकीच्या निकालाचा: किती मतं, समोर कोण, मतदान किती झालं. दुसरा शपथपत्राचा, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत जोडलेला नमुना २६. तिसरा सभागृहातल्या कामाचा: प्रश्न, लक्षवेधी, भाषणं. बहुतेक जण पहिल्या कागदावरच थांबतात. "साहेब चाळीस हजारांनी आले" म्हटलं की विषय संपतो. मला अनुभवाने पटलेली गोष्ट अशी की हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय एकाचाही अर्थ नीट लागत नाही.

मुंबईत आमदार किती? माझा मतदारसंघ कोणता, हे कसं कळेल?

राज्यात विधानसभेच्या २८८ जागा आहेत. त्यातल्या ३६ मुंबईत: शहर जिल्ह्यात १० आणि उपनगर जिल्ह्यात २६. बोरिवलीचा क्रमांक १५२, कुलाब्याचा १८७. आपला मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक मतदार यादीत सापडतो. पत्त्यावरून अंदाज बांधू नका. मुंबईत रस्त्याची एक बाजू एका मतदारसंघात आणि दुसरी बाजू दुसऱ्यात, असं सर्रास असतं.

"आमचा मतदारसंघ पूर्वी वेगळाच होता" असं आजोबा म्हणतात. ते खरं आहे का?

अगदी खरं. २००९ च्या निवडणुकीपासून नवी पुनर्रचना लागू झाली. त्याआधी मुंबईत ३४ मतदारसंघ होते, १७ शहरात आणि १७ उपनगरात. गिरणगावातली वस्ती पांगली, उपनगरं फुगली, आणि जागांचं पारडं तिकडे झुकलं. परळ, माझगाव, नायगाव, दादर, माटुंगा, चिंचपोकळी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, उमरखाडी, नागपाडा ही नावं विधानसभेच्या नकाशावरून गेली. नेहरूनगर, खेरवाडी, आंबोली, ट्रॉम्बे हीसुद्धा गेली.

म्हणून २००४ आणि २००९ चे आकडे थेट शेजारी ठेवू नका. नाव तेच राहिलं असलं, तरी आतले विभाग बदललेले असतात. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुकांची तुलना मात्र बिनधास्त करता येते.

जुने निकाल कुठे मिळतात?

भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल आहे, अगदी मुंबई राज्याच्या काळापासूनचा. महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. अहवालात उमेदवार, पक्ष, मतं, टक्केवारी सगळं असतं. पोटनिवडणुकांचे निकाल मात्र त्यात सापडत नाहीत, ते वेगळे शोधावे लागतात. इथेच पुष्कळांची गणतीत चूक होते.

पोटनिवडणूक किरकोळ समजू नये. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक निवडून आले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. फरक दोन हजार मतांचाही नव्हता. मुंबईच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या राजकारणाची एक वाट त्या पोटनिवडणुकीतून निघाली.

मोठं मताधिक्य म्हणजे लोकप्रिय आमदार, बरोबर ना?

सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वरळी घ्या. २०१९ मध्ये आदित्य ठाकरे यांना ८९,२४८ मतं पडली आणि मताधिक्य होतं ६७,४२७. २०२४ मध्ये ते पुन्हा जिंकले, पण ६३,३२४ मतांवर, आणि मताधिक्य उरलं ८,८०१. एवढेच आकडे पाहिले तर वाटेल, लोकांनी पाठ फिरवली. आता समोर कोण होतं ते बघा. २०१९ मध्ये शिवसेना-भाजप युती एकत्र लढली होती आणि मनसेने तिथे उमेदवारच दिला नव्हता. २०२४ मध्ये शिवसेना फुटलेली, समोर शिंदे गटाचे मिलिंद देवरा आणि शिवाय मनसेचे संदीप देशपांडे. पाच वर्षांत लढतच बदलली. आमदाराविषयीचं मत त्यात किती बदललं, हे मताधिक्याच्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

उलट बाजूने चांदिवली. २०१९ मध्ये दिलीप लांडे तिथून फक्त ४०९ मतांनी निवडून आले, समोर काँग्रेसचे नसीम खान. ४०९ मतं म्हणजे आमच्या भागातल्या दोन-तीन टॉवरांचं मतदान. पाच वर्षांनी त्याच दोघांत पुन्हा लढत झाली आणि लांडे वीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले.

माहीमची २०२४ ची लढत तिरंगी होती. महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. फरक १,३१६ मतांचा. विजयी आणि पराभूत यांच्यातल्या फरकाच्या पंचवीसपट मतं तिसऱ्याने घेतली. इथे "माहीमने कौल दिला" असं एका दमात म्हणता येत नाही. माहीमने तीन ठिकाणी मतं दिली.

म्हणून मताधिक्यासोबत आणखी तीन आकडे लिहून घ्या: एकूण मतदान, विजयी उमेदवाराची टक्केवारी आणि तिसऱ्या क्रमांकाची मतं. यातला पहिला आकडा मुंबईत फार दुखरा आहे. कुलाब्यात २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केलं. तिथे पन्नास टक्के मतं मिळवणाऱ्यालासुद्धा एकूण मतदारांपैकी चौथ्या हिश्श्याचाही पाठिंबा नसतो.

नोटाला पडलेल्या मतांचा काही उपयोग होतो का?

निकाल बदलत नाही. नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी त्याच्या खालचा उमेदवार विधानसभेवर निवडून येतो. पण माहिती म्हणून त्याची किंमत मोठी आहे. आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर ३ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक झाली. भाजपचे मुरजी पटेल यांनी अर्ज मागे घेतला. ऋतुजा लटके ६६,५३० मतं घेऊन निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मतांसह नोटा होता. त्यांची टक्केवारी पंचाहत्तरच्या वर गेली, पण मतदान जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं झालं होतं. २०२४ मध्ये तिथूनच मुरजी पटेल शिंदे गटाकडून उभे राहिले आणि जिंकले. पोटनिवडणुकीतली पंचाहत्तर टक्के पाहून कुणी भाकीत केलं असतं, तर ते साफ चुकलं असतं.

डिपॉझिट जप्त होणं म्हणजे काय?

विधानसभेसाठी अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. या हिशेबात नोटा धरत नाहीत.

आमच्या बिल्डिंगच्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, हे कळू शकतं का?

कळतं. त्या कागदाचं नाव नमुना २०. त्यात मतदान केंद्रानुसार प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. स्कॅन बहुधा पुसट असतो, आडवी पानं फिरवून वाचावी लागतात, तरी चिकाटी सोडू नका.

मी पहिल्यांदा तो कागद उघडला तेव्हा आमच्या केंद्राची ओळ पट्टी लावून वाचली. टॉवरचं केंद्र आणि मागच्या वस्तीचं केंद्र एकाच शाळेत, एकाच व्हरांड्यात, दरवाजे शेजारी. टॉवरवाल्या केंद्रावर निम्म्याहून कमी मतदान, वस्तीच्या केंद्रावर रांग संध्याकाळपर्यंत ओसरलेली नव्हती. आकड्यांतही तसंच दिसलं. निवडून आल्यावर आमदारांच्या फेऱ्या वस्तीत जास्त का होतात, असं टॉवरमधले लोक तक्रारीच्या सुरात विचारायचे. त्या ओळी दाखवल्यावर तो सूर खाली आला.

शपथपत्र कुठे मिळतं आणि त्यात काय वाचायचं?

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचं नाव टाकलं की स्कॅन केलेली प्रत उघडते. एडीआर या संस्थेच्या 'मायनेता' संकेतस्थळावर त्याचा गोषवारा मिळतो. तुलनेला तो सोयीचा आहे, पण शंका आली तर मूळ प्रतच बघा. मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालातून आला. तोवर उमेदवाराच्या संपत्तीविषयी फक्त कुजबुज असायची.

पहिल्यांदा वाचताना माणूस थेट एकूण रकमेवर जातो. एका पावसाळी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात एका उमेदवाराची २०१४ आणि २०१९ ची शपथपत्रं आम्ही टेबलावर पसरली होती. एकूण मालमत्ता दुपटीहून जास्त वाढलेली. सगळे चिडले. मग एक निवृत्त बँकवाले काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "खरेदीची तारीख वाचा आधी." वाचली. घर तेच, १९९० च्या दशकातलं, गाळाही तोच. वाढला होता फक्त 'सध्याचा बाजारभाव' हा रकाना. मुंबईत कुणाच्याही जुन्या घराचं तसंच होतं. पण पुढच्या पानावर पत्नीच्या नावाने दोन नवीन जमिनी होत्या आणि त्याच पानांत दिलेलं पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न त्यामानाने फार थोडं. विचारायचा प्रश्न तिथे होता. एकूण रकमेवर चिडून आम्ही घरी गेलो असतो, तर तो कधी सापडलाच नसता.

तेव्हापासून मी हा क्रम पाळतो: आधी स्थावर मालमत्तेच्या खरेदीच्या तारखा, मग नव्या खरेदी, मग उत्पन्नाची पाच वर्षं, मग कर्जं. शासकीय निवासस्थानाची भाडं, वीज, पाणी यांची थकबाकी आणि सरकारी कंत्राटांची माहिती देण्याचा रकाना शेवटाकडे असतो. तोही चुकवू नका.

शपथपत्रात खोटं लिहिलं तर?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ नुसार तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

गुन्हे दाखल असलेला उमेदवार वाईटच समजायचा का?

आकडा मोजू नका, कलमं वाचा. मुंबईत मोर्चा काढला, रास्ता रोको केला की जमावबंदी मोडल्याचे गुन्हे लागतात: जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १४३, महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस कायद्याचं ३७(१) सह १३५. गिरणी कामगारांच्या घरांसाठी किंवा पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या कार्यकर्त्याच्या नावावर असे दहा गुन्हे असू शकतात. दुसऱ्याच्या नावावर एकच असेल, पण ४२० चा (फसवणूक) किंवा ३०७ चा (खुनाचा प्रयत्न). १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे नव्या गुन्ह्यांत कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. न्यायालयाने आरोप निश्चित केलेत की अजून नुसती नोंद आहे, हाही रकाना असतो.

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर सदस्यत्व जातं. अपील दाखल करून पद टिकवण्याची जुनी पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंद केली.

पक्ष बदलत राहिलेल्या आमदाराचा हिशेब कसा मांडायचा?

प्रत्येक निवडणुकीपुढे तीन गोष्टी लिहा: मतदारसंघ, पक्ष, चिन्ह. उदाहरण कालिदास कोळंबकर यांचं. १९९० पासून ते विधानसभेत आहेत. आधी नायगावमधून शिवसेनेकडून, मग पक्ष सोडल्यावर पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून, २००९ आणि २०१४ मध्ये वडाळ्यातून काँग्रेसकडून, २०१९ आणि २०२४ मध्ये भाजपकडून. पोटनिवडणूक धरून नऊ वेळा निवडून आलेले. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या विधानसभेचे हंगामी अध्यक्ष तेच होते. तीन पक्ष आणि दोन मतदारसंघ, तरी मतदार बरोबर राहिले. यावरून तिथल्या लोकांची निष्ठा चिन्हापेक्षा माणसाशी आहे असं मला वाटतं. तुम्ही वेगळा अर्थ लावू शकता, पण तक्ता मांडल्याशिवाय कुठलाच अर्थ लागत नाही.

पक्षांतरबंदी कायदा म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५ ची. एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालतं ही सवलत २००३ मध्ये काढून टाकली. निर्णय विधानसभा अध्यक्ष देतात. जून २०२२ च्या शिवसेनेतल्या फुटीवर १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर, जे स्वतः कुलाब्याचे आमदार, यांनी निकाल दिला आणि दोन्ही बाजूंच्या कुणालाही अपात्र ठरवलं नाही. म्हणजे फूट पडल्यापासून दीड वर्षाहून अधिक काळ मतदाराला आपला आमदार पात्र की अपात्र याचं उत्तर मिळालं नव्हतं. ही दिरंगाई मला मनापासून खटकते, पक्ष कुठलाही असो.

सभागृहात आमदार काय करतो, हे कसं कळेल?

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत विधान भवनात, हिवाळी नागपूरला. कामकाज थेट दाखवलं जातं. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाही मिळते. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं. तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी लक्षवेधी सूचना. प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढते, तेही उपयोगी आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मंत्री आणि अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या नावापुढे शून्य दिसलं म्हणून ते गप्प बसले असं होत नाही. आणि प्रश्नांची संख्या ही गुणवत्ता नव्हे. एकाच विषयावर पंधरा आमदारांनी सह्या करून दिलेला प्रश्न पंधराही जणांच्या खात्यावर मोजला जातो. यादीतून आपल्या भागाचं नाव शोधा: धोकादायक इमारती, उपकर प्राप्त (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा पुनर्विकास, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतलं थकलेलं भाडं. असा एक प्रश्न आणि त्यावर मंत्र्याने दिलेलं तारखेचं आश्वासन हे पन्नास सह्यांपेक्षा मोलाचं.

पण प्रश्न विचारून खरंच काही होतं का?

होतं. मृणाल गोरे यांची कारकीर्द बघा. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडल्या म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. १९६१ मध्ये नगरसेविका, १९७२ मध्ये समाजवादी पक्षाकडून आमदार, त्याच काळात अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध लाटणी-थाळ्या घेतलेल्या बायकांचे मोर्चे, आणीबाणीत तुरुंग, १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून खासदार, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आणि पुढे विरोधी पक्षनेतेपद. त्या विरोधी बाकांवर होत्या. तरी गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी १९८६ मध्ये अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचं) विधेयक मांडलं, बाहेर स्त्री संघटनांची चळवळ होतीच, आणि १९८८ मध्ये राज्य सरकारने स्वतःच कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. विरोधी पक्षातली एक आमदार एवढं करू शकते. "आमची सत्ता नाही, म्हणून काम होत नाही" हे उत्तर मी त्यामुळे सहजासहजी मान्य करत नाही.

हरलेल्या निवडणुकाही मोजायच्या का?

जरूर. छगन भुजबळ मुंबईचे महापौर, माझगावचे आमदार. १९९५ मध्ये त्याच माझगावात बाळा नांदगावकर या तरुण शिवसैनिकाने त्यांना हरवलं. पुढे भुजबळ येवल्यातून निवडून येत राहिले आणि नांदगावकर काही वर्षांनी मनसेत गेले. फक्त विजयांची यादी वाचली तर दोघांच्या कारकिर्दीला वळण देणारी ही लढत दिसतच नाही.

आमदार निधी किती असतो? तो आमदाराच्या हातात असतो का?

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे, त्याआधी ४ कोटी होता. आमदार कामं सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयातून जातात आणि काम म्हाडा, महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून होतं. शहरासाठी फोर्टमधलं जुनं जकात घर, उपनगरासाठी वांद्रे पूर्वचं कार्यालय. तिथे माहिती अधिकारात कामांची यादी मागता येते. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. वर्ष, कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख असे रकाने मागा. आमच्याकडे एका गल्लीत तेच पेव्हर ब्लॉक तीन वर्षांत दोनदा बसवले गेले. यादी हातात आली तेव्हा दोन्ही कामं त्यात होती, वेगवेगळ्या नावांनी.

गटार तुंबलं तरी लोक आमदाराकडे जातात. हे त्याचं काम आहे का?

नाही. गटार, कचरा, पाण्याची लाइन, गल्लीतला रस्ता महापालिकेचा, म्हणून आधी वॉर्ड ऑफिस आणि नगरसेवक. लोकल गाड्या केंद्राच्या, तिथे खासदार. पोलीस, म्हाडा, झोपु प्राधिकरण आणि कायदे राज्याचे, तिथे आमदार. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ नगरसेवकच नव्हते. त्यामुळे सगळी गाऱ्हाणी आमदारांच्या कार्यालयात जाऊ लागली आणि ती सवय अंगवळणी पडली. त्या काळातल्या आमदाराचा हिशेब मांडताना ही बाब धरायला हवी.

विधान परिषदेचे आमदार वेगळे का?

हो. परिषदेत ७८ सदस्य, मुदत सहा वर्षं. मुंबईत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आहेत. पदवीधर मतदारसंघासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, विधानसभेच्या यादीतलं नाव तिथे चालत नाही. दर वेळी कितीतरी पदवीधर केंद्रावरून परत जातात ते यामुळेच.

प्रचाराच्या खर्चाला मर्यादा आहे का?

२०२२ पासून विधानसभेसाठी ४० लाख रुपये. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो.

निकालावर आक्षेप असेल तर?

४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. उमेदवार करू शकतो, तसा त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो.

हे सगळं वाचून झाल्यावर आमदाराला थेट विचारायला गेलं तर चालेल का?

चालेल, आणि जावंच. एकट्याने न जाता चार-पाच जणांनी जा, प्रश्न लेखी न्या आणि प्रतीवर पोच घ्या. मागच्या वेळी आम्ही एका पानावर तीनच प्रश्न नेले होते: आमच्या उपकर प्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाविषयी तुम्ही सभागृहात कधी बोललात, निधीतून झालेल्या या दोन कामांत फरक काय, आणि शपथपत्रातल्या या नव्या जमिनींसाठी पैसे कुठून आले. स्वीय सहायकांनी पान वाचलं, आमच्याकडे पाहिलं आणि आत गेले. अर्ध्या तासाने आत बोलावलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कार्यवाहीच्या छापील प्रतीसह मिळालं. दुसऱ्याचं आठवड्यानंतर लेखी आलं. तिसऱ्याचं अजून यायचं आहे. पोच घेतलेली प्रत आमच्या फाइलला लावलेली आहे.